आमच्या घरची वाकळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'माझा छंद' असे छापले आहे. छंद म्हटला म्हणजे टपालाची तिकिटे गोळा करणे, बाग करणे, पेटी वाजवणे असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. गोधडी शिवण्याला कोणी छंद म्हटले असते, तर आमच्या आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. ते काम होते. आणि तेही सगळी कामे उरकल्यावर उरलेल्या वेळात करावयाचे काम. परंतु आता घरात विकतच्या दुलया आहेत, ब्लँकेटे आहेत, आणि तरीही मी शिवते. गरज सरल्यावर माणूस जे करीत राहतो त्याला छंद म्हणायचे असेल, तर हा माझा छंद खरा. तेव्हा चिटणीसबाईंचा शब्द मान्य करून चार गोष्टी सांगते.

माझे माहेर रत्नागिरीकडचे आणि सासर सांगलीजवळ कृष्णाकाठचे. १९६६ साली लग्न होऊन आले, तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "माळ्यावरची वाकळ काढ गं." मी शिडीपाशी नुसती उभी! वाकळ म्हणजे खाण्याची वस्तू की शेतीचे अवजार, हे मला ठाऊक नव्हते, आणि नव्या नवरीने विचारायचे कसे? शेवटी धाकट्या नणंदेने हळूच सांगितले, "वैनी, गोधडी." आमच्या कोकणात गोधडी, इकडे देशावर वाकळ, तान्ह्या मुलाचे ते दुपटे. तिकडे कर्नाटकात तिलाच कौदी म्हणतात, बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्राला कंथा हा शब्द आहे. नावे अनेक, पण आत तेच: फाटलेले टाकवत नाही म्हणून एकावर एक ठेवून शिवलेले.

आता ज्यांनी कधी गोधडी शिवली नाही त्या तरुण भगिनींसाठी थोडे कृतीचे सांगते. ज्यांना येते त्यांनी तेवढा वेळ शेजारणीशी बोलायला हरकत नाही.

आधी सगळे कापड स्वच्छ धुवून, उन्हात कडकडीत वाळवून घ्यावे. काठ जाड असतील तर काढून ठेवावेत. ते पुढे कडेला लावायला उपयोगी पडतात. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर खालचे अस्तर अंथरावे आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवावे. आमच्याकडे एका कोपऱ्यावर पाटा, दुसऱ्यावर वरवंटा आणि उरलेल्या दोहोंवर दगड असत. मग एकेक थर घालीत जावे. प्रत्येक थर हाताने सारखा करावयाचा, सुरकुती राहू द्यायची नाही, कारण आत राहिलेली सुरकुती जन्मभर टोचते. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडीला एका नऊवारी लुगड्याचे जेमतेम तीन थर होतात. म्हणजे पाच थरांच्या गोधडीला दोन लुगडी लागतात, आणि थोडे कापड ठिगळांना उरते. सगळे थर झाले की लांब लांब कच्चे टाके घालून ते जागच्या जागी बसवावेत, आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करावा. चारी कडांनी फिरत फिरत, चौकटीच्या आत चौकट करीत मध्याकडे यायचे. मधूनच सुरुवात केली तर कापड बाहेर सरकते की काय, याची चर्चा मी पुष्कळ बायकांशी केली आहे. काही जणी सरळ एका बाजूने ओळीच ओळी घालतात. त्यांचीही गोधडी ऊब देतेच. पण मला चौकटी आवडतात, कारण चार बाजूंना चार जणी बसू शकतात. मधोमध घर येते आणि सगळ्यांची डोकी जवळ येतात. खऱ्या गप्पा तिथेच निघतात.

मध्यावरची शेवटची वीतभर जागा शिवण्यापूर्वी आत्याबाई वरचा थर उचलून आत तांदळाचे चार दाणे आणि हळदकुंकवाची चिमूट ठेवीत. "वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये," असे त्यांचे म्हणणे. ही रीत त्यांना त्यांच्या आईकडून आली होती. पुढे काही बायकांकडून ऐकले की, त्यांच्या घरी भाकरीचा तुकडा ठेवीत. मला एकदा एका शिकलेल्या बाईंनी विचारले, "त्याने मुंग्या लागत नाहीत का?" चार दाण्यांना लागत नाहीत. भाकरीचे मला सांगता येणार नाही.

आत्याबाईंच्या नेमाची गोष्ट सांगायलाच हवी. चातुर्मासात बायका लाख वाती करतात, लाख फुले वाहतात, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. आत्याबाईंनी एका चातुर्मासात लाख टाक्यांचा नेम धरला. टाक्यागणिक विठ्ठलाचे नाव घ्यायचे. मोजणार कसे? एका दोऱ्यात सुमारे शंभर टाके बसत. दोरा संपला की वाडग्यात एक चिंचोका टाकायचा. हजार चिंचोके झाले की लाख टाके झाले. मी पुढे एकदा कागदावर हिशेब मांडून पाहिला. सात फूट बाय पाच फुटांची गोधडी, दोन ओळींत अर्धा इंच अंतर आणि इंचाला तीन टाके, म्हणजे एका गोधडीला तीस हजारांच्या आसपास टाके होतात. सव्वातीन गोधड्यांना लाख! त्या चार महिन्यांत आत्याबाईंनी तीन वाकळा आणि वर दोन दुपटी शिवली. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी वाडग्यात चिंचोके भरले. कधीकधी त्या एखादा टाका घालून थांबत आणि तो उसवीत. "हा नाव न घेता घातला," म्हणत. कापडाच्या दृष्टीने टाका अगदी बरोबर असे. ही शिस्त मला साधली नाही. माझ्या टाक्यांत विठ्ठलाच्या नावाच्या जोडीला दुधाचा हिशेब आणि मुलांच्या परीक्षा पुष्कळच शिवल्या गेल्या आहेत.

शिवणाचे आणि देवधर्माचे नाते तसे चमत्कारिक आहे. सोवळ्याच्या नियमात शिवलेले वस्त्र चालत नाही. पूजेला बसायचे तर न शिवलेले धूतवस्त्र हवे. म्हणजे देवघराच्या उंबऱ्यावर सुई अडते. पण संतांच्या दारात पाहिले तर उलटच प्रकार. नामदेवमहाराज शिंप्याच्या कुळातले, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची जी एकसष्ट पदे घेतली आहेत, त्यांतल्या एकात त्यांनी गज, कात्री आणि सुईदोरा हीच नामस्मरणाची साधने केली आहेत. अंबेजोगाईच्या दासोपंतांनी आपले 'पंचीकरण' लिहिले ते पासोडीवर, म्हणजे अंगावर घ्यायच्या जाड्याभरड्या कापडावर. आणि गाडगेबाबा तर आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असतील. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी मोठाल्या धर्मशाळा उभ्या करणाऱ्या या माणसाच्या अंगावर चिंध्यांचे वस्त्र असे. काही भागांत लोक त्यांना गोधडेमहाराजच म्हणत. बौद्ध भिक्षूंचे चीवरही तुकड्यांचे असते. विनयपिटकात अशी कथा आहे की, मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तशाच आकृतीचे चीवर करता येईल का असे विचारले, आणि आनंदाने ते करून दाखवले. मला ही कथा फार आवडते. शेताचे बांध पाहून ज्याला शिवण सुचते, त्याला गोधडी नक्कीच कळली असती!

उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोकांची वस्ती आहे. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. पुष्कळ जण घरी कोकणी बोलतात. त्यांच्या बायका ज्या कौद्या शिवतात त्या चारी कोपऱ्यांना तिकोनी ठिगळांचे फूल लावल्यावाचून पुऱ्या झाल्या असे मानीत नाहीत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कोणाच्या कौदीवर क्रूस येतो, कोणाच्या कौदीवर चंद्रकोर. पण कोपऱ्याचे फूल सगळ्यांचे सारखे.

असो. आता मी ज्या वाकळीबद्दल बोलायला उभी राहिले तिच्याकडे येते.

आमचे मामंजी १९७१ च्या कार्तिकात गेले. माळकरी होते, आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही. तेराव्याला रीतीप्रमाणे जोडा, छत्री, अंथरूण-पांघरूण असे सगळे दान झाले. पण आत्याबाईंनी दानाला सर्व नवे आणवले आणि मामंजींची जुनी धोतरे, दोन फेटे आणि वारीचे उपरणे पेटीत ठेवून दिले. चुलतसासूबाई म्हणाल्या, "गेलेल्याचं घरात ठेवू नये, जीव अडकतो." आत्याबाईंनी उत्तर दिले, "दान नव्याचं करावं. जुनं आपल्या माणसाचं असतं." एवढेच. त्या वादाला पुढे कोणी फाटा फोडला नाही, पण घरात एक अढी बसली.

दुसरी पेटी त्यांची स्वतःची. त्यांत त्यांची इरकली लुगडी होती. हिरवे, मोरपंखी, डाळिंबी. आमच्याकडच्या तेव्हाच्या चालीप्रमाणे आता ती त्यांच्या अंगावर यायची नव्हती. ही चाल मला तेव्हाही पटत नव्हती, आजही पटत नाही. कालपर्यंत जी बाई घराची लक्ष्मी, तिच्या कपाळावरून आणि अंगावरून एका दिवसात रंग काढून घ्यायचे, आणि ते तिच्याच जावा-नणंदांनी! संक्रांतीचे हळदीकुंकू आले की आत्याबाई आपण होऊन आतल्या खोलीत जात. तिळगूळ त्यांनी केलेला, भांडी त्यांनी घासून घेतलेली, वाणाच्या वस्तू त्यांनी आणवलेल्या. आणि बायका आल्या की त्या धान्याच्या कणगीमागे बसून राहत. कोणी त्यांना जा म्हणत नसे, आणि थांबाही म्हणत नसे.

१९७२ चा उन्हाळा आला. तो दुष्काळ आपल्याला सांगायला नकोच. आमचा कृष्णाकाठ त्या मानाने सावरला, पण पूर्वेच्या तालुक्यांतली माणसे खडी फोडायला रस्त्यांवर आली होती. लाल मिलोच्या भाकऱ्या आम्हीही खाल्ल्या. शेतात काम नव्हते आणि नवे कापड घेण्याजोगे दिवस नव्हते. एके दिवशी दुपारी आत्याबाईंनी दोन्ही पेट्या पडवीत आणल्या आणि मला म्हणाल्या, "पाटा आण."

आत मामंजींची धोतरे आणि फेट्यांचे मलमल. वारीचे उपरणे, ज्याच्यावर बुक्क्याचे डाग होते, ते मध्यावर. खालीवर आत्याबाईंची लुगडी. हिरवे वर, मोरपंखी खाली, डाळिंबीची ठिगळे आणि काठांची झालर. शेजारच्या बायका नेहमीप्रमाणे आल्या. त्यांत सवाष्णी होत्या, विधवा होत्या, एक टाकलेली होती. हळदीकुंकवाला या सगळ्या एका जाजमावर कधी बसल्या नसत्या. वाकळीच्या कडेला मात्र जिला जिथे जागा मिळेल तिथे ती बसे, आणि आत्याबाई माथ्याकडच्या बाजूला. सुई हातात असली म्हणजे कपाळाकडे कोणी पाहत नाही, हे मला त्या पडवीत पहिल्यांदा कळले. दहा दिवस काम चालले. पोट शिवायची वेळ आली तेव्हा आत्याबाईंनी तांदूळ घातले आणि कुंकवाची डबी माझ्याकडे सरकवली. मी चिमूट भरली, आणि काय वाटले कोण जाणे, त्यांचा हात धरून त्यांच्या बोटांनीच ती आत घातली. एकीनेही काही म्हटले नाही. थोरल्या जाऊबाई तेवढ्या पाणी प्यायला उठून गेल्या.

ती वाकळ माझ्या थोरल्या मुलाला दिली. तो तेव्हा चार वर्षांचा होता. आजोबांचा फार लाडका. पावसाळाभर तो तिच्यात शिरून झोपला. पुढे १९७३ च्या फेब्रुवारीत तो तापाने फणफणला. दोन दिवस ताप उतरेना. डोळे लाल, खोकला, आणि तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ. डॉक्टर म्हणाले, गोवर आहे. त्या काळी गोवराची लस आमच्या गावापर्यंत आली नव्हती; सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात ती १९८५ पासून मिळू लागली. गोवराने मुले जात, हे सर्वांनी पाहिले होते. आमच्या आळीतच दोन वर्षांपूर्वी एक मूल गेले होते.

तेव्हा थोरल्या जाऊबाई माझ्याजवळ आल्या. बाई वाईट नव्हती, मुलावर तिची माया होती. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुझ्या पाया पडते, ते पांघरूण त्याच्या अंगावरचं काढ. त्यात मेलेल्याचं कापड आहे, विधवेची लुगडी आहेत. आणखी काय व्हायला हवं?" भगिनींनो, पोटचे पोर तापात असताना आईचे मन कसे असते हे मी तुम्हांला सांगायला नको. मी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली; कापडाने गोवर येत नाही हे मला समजत होते. पण समजणे वेगळे आणि हात न लावता बसून राहणे वेगळे. मी काही बोलले नाही. वाकळीचे एक टोक हातात धरून तशीच बसले. काढवेना आणि ठेववेना.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या आत आल्या, मुलाच्या अंगावर माझी एक मऊ साडी चौपदरी करून घातली, आणि वाकळ काढून घेतली. मला वाटले, आता ती पुन्हा पेटीत जाणार. त्यांनी ती मुलाच्या शेजारी जमिनीवर अंथरली आणि तिच्यावर स्वतः आडव्या झाल्या. जाऊबाईंना म्हणाल्या, "दोष असलाच तर तो माझ्या अंगाखाली राहू दे. त्याच्याकडे जायला त्याला माझ्यावरून जावं लागेल." पाच रात्री त्या तशा झोपल्या. झोपल्या कसल्या? पडून नाव घेत होत्या. कडुलिंबाचा पाला उशाशी, पाण्याचा गडू हाताशी.

सहाव्या दिवशी ताप उतरला. गोवर आपल्या चालीने येतो आणि बहुतेक वेळा आपल्या चालीने जातो. डॉक्टरांनीही आपले काम नीट केले होते. वाकळीने त्याला बरे केले असे मी म्हणत नाही, आणि आत्याबाईही तसे कधी म्हणाल्या नाहीत. पण दोष कापडात नसतो हे त्यांनी ज्या रीतीने दाखवले, ती रीत एखाद्या पोथीत असेल तर माझ्या वाचनात आलेली नाही. मुलगा उठून बसला आणि पहिली गोष्ट मागितली ती वाकळ. जाऊबाईंनीच ती उन्हात घालून, झटकून त्याच्या अंगावर घातली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच मला म्हणाल्या, "माझ्या आईची दोन लुगडी आहेत ठेवलेली. तुझ्या बाजूला मला जागा दे."

आत्याबाई १९८१ साली गेल्या. शेवटची तीन-चार वर्षे मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नव्हते. कोजागरीला चांदण्यात सुईत दोरा ओवला की दृष्टी सुधारते म्हणतात, म्हणून त्या दर कोजागरीला गच्चीवर बसून प्रयत्न करीत. दोरा आम्ही ओवून देत असू आणि त्या, "बघ, जमलं," म्हणत. त्या वर्षांतले त्यांचे टाके लांब आणि तिरके आहेत. शेजारची एक मुलगी एकदा ते उसवून सरळ घालायला निघाली होती. मी तिच्या हातातून सुई काढून घेतली.

मंडळात गोधडीचा वर्ग कसा सुरू झाला हे पुष्कळ जणींना माहीत आहे, तरी नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. थंडी तोंडावर आलेली. मंडळाने जुने सुती कपडे गोळा करून गोधड्या शिवून पाठवायचे ठरवले. तेव्हा सभेत प्रश्न निघाला: हे कपडे कोणाकोणाच्या घरचे? आपल्या घरचे कापड सफाईवालीच्या घरच्या कापडाला शिवायचे का? आणि खालच्या आळीतल्या मुसलमान भगिनींनी ओढण्या पाठवल्या होत्या, त्या घ्यायच्या का? हा प्रश्न विचारणाऱ्या बाई आज हयात नाहीत, म्हणून जास्त बोलत नाही. त्या वेळच्या अध्यक्षबाईंनी वाद घातला नाही. सगळे कापड एकाच मोठ्या हंड्यात सोड्याच्या पाण्यात उकळायला घातले, आणि एकाच दोरीवर वाळवले. दुसऱ्या दिवशी कोणते कोणाचे हे कोणालाच ओळखता येईना. इस्त्रीचे तर नव्हतेच! त्या महिन्यात चाळीस गोधड्या झाल्या. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी त्यांतल्या दोन शिवल्या.

आता आजचे थोडे. आजकाल गोधडीला बरे दिवस आले आहेत. बचतगटांच्या बायका शिवतात, शहरातल्या प्रदर्शनांत चांगल्या किमतीला विकल्या जातात. याचा मला आनंदच आहे. ज्या कामाला कोणी काम म्हणत नव्हते त्याचे पैसे बाईच्या हातात पडतात. माझी तक्रार एवढीच की, काही जणी नवे कोरे कापड आणून, त्याचे तुकडे करून गोधडी शिवतात. नव्या कापडाला अंग लागलेले नसते. वीस वर्षे धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा कोणत्या दुकानातून आणणार? दुसरी अडचण साड्यांची. आपल्या कपाटांत आता सुती साड्या राहिल्या कुठे? नायलॉनची, पॉलिएस्टरची साडी गोधडीत घातली तर थर सरकतात, घाम टिपला जात नाही, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. तान्ह्या मुलाच्या दुपट्यात तर ती मुळीच घालू नये. राहिली बोहारीण! चार सुती साड्यांना एक स्टीलचा डबा, हा सौदा तोट्याचा आहे हे मी गेली पन्नास वर्षे सांगत आले. माझ्याच सुनेने परवा माझ्या पाठीमागे डबा घेतला. डबा चांगला आहे.

आता माझी सूचना, जिच्यासाठी मी हे सगळे बोलले. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, जोडवी काढणे हे सगळे बंद. पुढे शासनानेही इतर गावांना तसे करण्यास सांगितले. ही बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मला कणगीमागे बसलेल्या आत्याबाई आठवल्या. आपल्या मंडळाने ठराव केलेला नाही. निमंत्रणे सर्वांना जातात हे खरे. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या किती जणी येतच नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो. कोणी त्यांना नको म्हणत नाही, आणि त्या येत नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे असे की, येत्या चैत्रात हळदीकुंकू आणि गोधडी एकाच दिवशी, एकाच जाजमावर करावी. चैत्रगौरीपुढे आंब्याची डाळ आणि पन्हे असेलच. मध्ये गोधडी अंथरावी, आणि कडेला बसलेल्या प्रत्येकीला, विचारल्यावाचून, हळदकुंकू लावावे. ज्यांना नको असेल त्या मान हलवतील. त्यांच्यावर बळजबरी नको, आणि त्यांच्याकडे टक लावून पाहायलाही नको. पहिली गोधडी प्रसूतिगृहाला द्यावी असे मला वाटते. पण ते सभेने ठरवावे.

ज्यांना ही सूचना मान्य असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. येताना घरातले एक सुती कापड आणावे. गेलेल्या माणसाचे असले तरी चालेल. धुऊन आणावे, नायलॉन नको. सुया माझ्याकडे आहेत. दोरा मात्र पांढरा आणि चांगला जाड आणावा; गेल्या खेपेस आणलेला पहिल्याच ओळीत तुटत होता. पाटावरवंटा कोणाकडे शिल्लक असेल तर तोही सांगावा, कारण माझा पाटा आता मला उचलत नाही.